आजोबांच्या पिस्तुलाची आणेवारी

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: आजोबांनी १९४६ साली मुंबईत घेतलेलं बत्तीस बोरचं (नळीचं भोक सुमारे ०.३२ इंचाचं) वेबली अँड स्कॉट पिस्तूल पुढे वडिलांच्या परवान्यावर चढलं. वडील गेल्या वर्षी वारले. पिस्तूल सध्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. मुंबईचे एक गृहस्थ दीड लाख द्यायला तयार आहेत. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे असलं पिस्तूल पाच-सहाशे डॉलरला मिळतं. आणि वाडीतले एक भाऊ छातीठोकपणे सांगतात, दहा लाखांच्या खाली देऊच नका. मुठीची उजवी पट्टी तडकली आहे, रंग काही ठिकाणी उडालाय, डाव्या बाजूला एक खडबडीत डाग आहे. खरी किंमत किती? आणि विकण्याआधी पॉलिश करून घ्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर झाला तर पहिल्यात काही राम उरणार नाही. पॉलिश करू नका. बफ मारू नका, क्रोम करू नका, नवीन ब्लू, म्हणजे पोलादावरचा तो निळसर काळा थर, चढवू नका, तडकलेली पट्टीसुद्धा बदलू नका. दुकानदाराला आजच फोन करा आणि सांगा, फार तर तेलाची चिंधी फिरवा, बाकी हात लावू नका.

आता किंमत. मी तीस-बत्तीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बंदुका आणि पिस्तुलं दुरुस्त केली, घेतली, विकली. ठासणीच्या बंदुका सर्वांत जास्त, कारण माकडं आणि डुकरं आपल्या बागायतीला काही सुखानं जगू देत नाहीत. पिस्तुलं मोजकी, पण प्रत्येकाबरोबर एक गजाल, म्हणजे गोष्ट, आलेली. मी हिशेब रुपयांत सुरू करत नाही, आण्यांत करतो. पिकाची आणेवारी काढतात तशी. कारखान्यातून निघालं तसं, मूळ भागांसकट, कागदांसकट पिस्तूल म्हणजे सोळा आणे. तुमचं त्यातलं किती आणे उरलंय ते आधी ठरवायचं. रुपयाकडे शेवटी यायचं. आणे वस्तू पाहून कळतात, रुपये गिऱ्हाईक पाहून. तुमचा भाचा, मुंबईचे गृहस्थ आणि वाडीतले भाऊ हे तिघेही या दोन गोष्टींची मिसळ करून बसलेत.

भाच्यापासून सुरुवात करू. तो खोटं बोलत नाही. वेबली अँड स्कॉटचं बत्तीस बोरचं पिस्तूल दुर्मीळ नाही. १९०८ च्या सुमाराला ते बाजारात आलं, १९११ मध्ये लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांनी घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलं. अमेरिकेत ते मधल्या फळीतलं संग्राह्य पिस्तूल आहे. पण तिकडचा भाव इकडे लावणं म्हणजे देवगडच्या हापूसचा भाव लंडनच्या दुकानात विचारून आपल्या बागेत बोली लावण्यासारखं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून परदेशी पिस्तुलांची खासगी आयात जवळपास बंद आहे. जे देशात आहे तेच फिरतंय. मालाची आवक नाही, झीज मात्र आहे, म्हणून जुन्या विलायती पिस्तुलाचा भाव इकडे तिकडच्या कितीतरी पट होतो. तुमचं पिस्तूल तिकडे नेऊन विकू हा विचारही सोडा. परवान्याची भानगड आहेच, वर शंभर वर्षांपुढच्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेऊ न देणारा १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. तुमचं पिस्तूल १९४६ ला घेतलेलं असलं तरी बनलं त्याच्या बरंच आधी असू शकतं.

म्हणून माझ्या मते किंमत पहिल्यांदा ठरते ती घेऊ शकणाऱ्या माणसांच्या संख्येवर. घेऊ इच्छिणाऱ्यांच्या नव्हे, घेऊ शकणाऱ्यांच्या. बत्तीस बोर ही परवानगी मिळू शकणारी बोर आहे, जिल्हा दंडाधिकारी तिचा परवाना देतात. ९ एमएम, .४५५ आणि .३८० रिमवाली काडतुसं चालणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं निषिद्ध बोरमध्ये मोडतात, त्यांचा परवाना सामान्य माणसाला मिळत नाही म्हटलं तरी चालेल. याचा परिणाम गमतीचा होतो. ९ एमएमचं जर्मन लुगर परदेशात तुमच्या वेबलीच्या दुप्पट-तिप्पट भावानं जातं. इथे मात्र तसं लुगर वारसाला मिळालं तर त्याला गिऱ्हाईक शोधता शोधता चपला झिजतात, आणि तुमची बत्तीस बोरची वेबली आठवड्यात जाते. एका घरात पहिल्या महायुद्धाच्या काळातलं .४५५ वेबली रिव्हॉल्व्हर मी पाहिलं होतं. अप्रतिम वस्तू, चौदा आणे सहज. त्या कुटुंबाला त्याचा एक रुपया आला नाही.

गिऱ्हाइकांची संख्या आणखी एका गोष्टीनं घटली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच. वारसानं आलेलं शस्त्रही या दोनातच मोजायचं. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. बहुतेकांनी बारा बोरची बंदूक सोडली आणि पिस्तूल ठेवलं, असं माझ्या पाहण्यात आलं. त्यामुळे बंदुकांचे भाव बसले, पिस्तुलांचे तेवढे बसले नाहीत. पण ज्याच्याकडे आधीच दोन आहेत तो कितीही हौशी असला तरी तुमचं गिऱ्हाईक नाही. मुंबईच्या त्या गृहस्थांना पहिला प्रश्न हाच विचारा: परवान्यावर जागा आहे का, आणि परवान्यात पिस्तूल, बत्तीस बोर असं लिहिलंय का? प्रत दाखवा म्हणा. दाखवली नाही तर ते दीड लाख म्हणाले काय नि दीड कोटी म्हणाले काय, सारखंच.

एक खुलासा इथेच करतो. परवान्यावर नुसतं ‘बत्तीस बोर’ असतं आणि लोक समजतात गोळी एकच. पिस्तुलाचं बत्तीसचं काडतूस वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालवायचं नसतं. दोन्ही आपल्याकडे खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर केएफ असं उमटवलेलं असतं. गोळी देशात बनते हा सुद्धा किमतीचा एक आणा आहे. पंचवीस बोरची ती छोटी, खिशात मावणारी बेल्जियन पिस्तुलं दिसायला किती गोंडस असतात. पण काडतुसं मिळवणं कायमची डोकेदुखी, म्हणून नाकापेक्षा मोती जड.

आता कागद. सोळापैकी चार आणे मी कागदांना ठेवतो, आणि अनेक जण मला त्याबद्दल वेड्यात काढतात. परवाना, त्यावरचा सीरियल नंबर, युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, जुने नूतनीकरणाचे शिक्के, मूळ खरेदीची पावती. पिस्तुलावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर अंक न अंक जुळला पाहिजे. हे सांगायला सोपं वाटतं, पण कारकुनानं १९६२ ला नवं पुस्तक करताना ३ चा ८ केला, आणि पुढची साठ वर्षं तोच ८ खरा मानला गेला, हे मी एकदा नव्हे, निदान चार वेळा पाहिलंय. अशी चूक विक्रीच्या आधी दुरुस्त करून घ्या. विक्रीच्या वेळी ती सापडली तर गिऱ्हाईक पळतं, आणि तुमच्या वस्तूवर चोरीच्या मालाचा संशय येतो. तुमच्या बाबतीत वडील गेलेत, तेव्हा सगळ्या वारसांची लेखी संमती लागणार, बहिणींचीसुद्धा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मागण्याची सोय आहे. तुम्हाला स्वतःला ठेवायचं असेल तर तोही रस्ता आहे. परवानाधारकानं परवानाधारकाला थेट विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्यासारखं जमा असलेलं शस्त्र दुकानदारामार्फत जाणंच सोयीचं.

१९४६ ची मूळ पावती घरात कुठे आहे का, शोधा. ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, जमिनीच्या सातबाराच्या पुडक्यात. ब्रिटिश काळातल्या दुकानांनी पिस्तुलावर स्वतःचं नावही कोरलेलं असायचं. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं, कलकत्त्यात रॉडा, मँटन, लायन अँड लायन. असं नाव स्लाइडवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, असेल आणि पावतीही त्याच दुकानाची असेल तर दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. गोव्याच्या बाजूनं आलेल्या पिस्तुलांचे कागद कधी कधी पोर्तुगीजमध्ये असतात. ते रद्दी समजून टाकू नका.

कागद नसले की गोष्टी सुरू होतात. रत्नागिरीत निम्मी जुनी शस्त्रं ब्रह्मदेशच्या थिबा राजाची असतात. कुडाळकडे एक जण मला म्हणाला, ‘ह्यां आमच्या पणज्याक वाडीच्या (सावंतवाडीच्या) राजान दिलेलां.’ मी पिस्तूल उलटं केलं, नंबर पाहिला, वर्ष १९३० च्या पुढचं. पणजोबा वारले १९१९ ला. थिबा राजा १९१६ च्या डिसेंबरात रत्नागिरीतच गेला, त्यामुळे १९२० नंतर बनलेलं कुठलंही पिस्तूल त्याचं असूच शकत नाही, हे नातवंडांना पटवायला मात्र अर्धा दिवस जातो. १९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांतलं होतं. कान्हेरे मूळचे आपल्या खेड तालुक्याकडचे. त्यामुळे प्रत्येक जुनं ब्राउनिंग आपल्याकडे ‘त्या वीसातलं’ निघतं. कागद दाखवा म्हटलं की आजीची साक्ष. उंदराला मांजर साक्ष! गोष्टीला मी शून्य आणे देतो. नंबर, तारीख आणि नाव एकाच कागदावर असेल तर मात्र तीच गोष्ट दुप्पट किंमत आणते.

ब्राउनिंगवरून आठवलं. पिस्तुलावर ‘७.६५ ब्राउनिंग’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून ते ब्राउनिंग कंपनीचं समजून भाव चढवणारे पुष्कळ भेटतात. ते काडतुसाचं नाव आहे. १८९९ च्या सुमाराला ब्राउनिंगच्या पहिल्या पिस्तुलाबरोबर ते काडतूस आलं आणि मग युरोपभर सगळ्यांनी त्याच गोळीची पिस्तुलं केली. स्पेनमधल्या एबारच्या कारखान्यांनी पहिल्या महायुद्धात फ्रेंचांसाठी अशी पिस्तुलं ढिगानं केली, त्यांवरही तेच शब्द आहेत. खऱ्या ब्राउनिंगवर, म्हणजे बेल्जियन पिस्तुलावर, कारखान्याचं नाव असतं आणि लिएजच्या चाचणीगृहाचा लंबगोलातला ईएलजी ठसा असतो. तुमच्या वेबलीवर बर्मिंगहॅमचे ठसे हवेत: मुकुट आणि त्याखाली बी.पी., बी.व्ही., एन.पी. शेवटचा एन.पी. म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी झाली. हे ठसे नळीवर आणि स्लाइडवर कुठेकुठे आहेत ते भिंगातून पाहून फोटो काढून ठेवा. अक्षरं वाकडीतिकडी, स्पेलिंगची चूक किंवा एखादं अक्षर उलटं दिसलं तर ती सरहद्दीकडच्या खैबर भागातली हातबनावट. वेबलीच्या असल्या नकला भरपूर आहेत. आणि हो, वेबली नावाची नवी रिव्हॉल्व्हरं आता उत्तर प्रदेशातही बनतात. नावावरून त्यांचा भाव तुमच्या जुन्या पिस्तुलाला लावू नका.

ओळख पटली की भाग जुळतात का ते पाहायचं. लुगरसारख्या जर्मन पिस्तुलांत छोट्या छोट्या भागांवरसुद्धा नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात, आणि एक भाग बदललेला निघाला तर संग्राहक निम्म्या भावावर येतो. वेबलीत तितकं अवघड नाही. फ्रेम, स्लाइड, नळी एकाच पिस्तुलाच्या आहेत ना, मॅगझिन मूळचं आहे ना, एवढं पाहा. मूळ मॅगझिन हरवलेलं असेल तर एक आणा गेला. दुसरं मूळ मॅगझिन कपाटात सापडलं तर एक आणा आला. घरात शोधा, शिलाईच्या डब्यात सापडतात.

आता रंग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त पैसा याच ठिकाणी वाया जातो. पिस्तुलाचा तो निळसर काळा रंग म्हणजे रंग नव्हे. पोलादाच्या वरच्या पातळ थराचं केलेलं काळं ऑक्साइड आहे ते, एक प्रकारचा शिस्तीत आणलेला गंज. तांबडा गंज खातो, काळा राखतो. हा थर कागदाहून पातळ. त्याला आंबट चालत नाही, ओल चालत नाही, घाम चालत नाही. आणि आपल्याकडे काय आहे? समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांब्यापितळेची भांडी आमसुलानं लखलखीत करायची सवय. राजापूरकडच्या एका घरात सूनबाईनं दिवाळीच्या साफसफाईत सासऱ्यांचं कोल्ट पिस्तूल समईबरोबर चिंच-आमसूल लावून घासलं. मला दाखवलं तेव्हा चांदीसारखं पांढरं झालेलं. तिचा हेतू किती चांगला! पण दहा आणे पाच मिनिटांत गेले.

दुसरी आपली खासियत खोबरेल तेल. कोकणात बिजागरीपासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेल. पिस्तुलाला लावलं की वर्षभरात त्याचा चिकट पिवळा थर बसतो, त्यात धूळ रुतते, कमानी (स्प्रिंगा) जड होतात आणि थंडीत ते थिजतं ते वेगळंच. सुदैवानं हे नुकसान बहुतेक वेळा वरवरचं असतं. जाणकार माणूस केरोसिननं हळूहळू काढतो आणि खाली शाबूत ब्लू निघतो. म्हणून चिकट, पिवळं, घाणेरडं पिस्तूल पाहिलं की मी खूश होतो. चकचकीत पाहिलं की धास्तावतो.

तिसरी गोष्ट होल्स्टर. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि क्षार त्यात राहतात, चामडं हवेतली ओल धरून ठेवतं, आणि पिस्तूल वर्षानुवर्षं त्याच ओल्या मिठीत झोपतं. बाहेर काढलं की होल्स्टरच्या शिवणीची नक्षी गंजानं स्लाइडवर उमटलेली. होल्स्टर वेगळं ठेवा, पण टाकू नका. त्यावर बनवणाऱ्याचं नाव असेल तर त्यालाही भाव आहे.

तुम्ही लिहिलेला डाव्या बाजूचा खडबडीत डाग फोटोत पाहिला. तो अंगठ्याच्या पेराएवढा आहे आणि त्याच्या आजूबाजूला रंग चांगला आहे. माझा तर्क सांगतो: खंडेनवमी. दरवर्षी शस्त्रपूजेत ओलं हळदकुंकू एकाच जागी लावलं गेलं, पुसलं अर्धवट, आणि तिथे खड्डे पडले. असे डाग मी इतके पाहिलेत की आता घरातला पूजा करणारा माणूस डावरा होता का उजवा, हेही कधी कधी ओळखतो. याचा दीड आणा जातो, जास्त नाही. भारतीय संग्राहकाला त्याचं फार वावडं नसतं, एकानं तर मला सांगितलं की त्याला तो आवडतो. पण तो डाग घालवायला बफ मारला तर स्लाइडवरची अक्षरं पुसट होतील, कडा गोल होतील, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट होतील, आणि दीड आण्याच्या जागी सात आणे जातील. पुन्हा रंगवलेलं पिस्तूल ओळखायच्या याच खुणा आहेत: बोथट कडा, गालासारखी गुळगुळीत झालेली अक्षरं, आणि खड्ड्यांच्या आतसुद्धा एकसारखा काळा रंग. खड्डा आधी पडला, रंग नंतर चढला, मग मूळ रंग कुठला? निकेल केलेल्या जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरला आणखी एक सोपी परीक्षा आहे. कारखान्यात घोडा आणि चाप निकेल करत नसत. तेही चकाकत असतील तर ते काम मोटारसायकलच्या सायलेन्सरला क्रोम करणाऱ्याकडे झालंय असं समजा.

उलट तोंडाशी, स्लाइडच्या कडांना आणि मुठीच्या पुढच्या बाजूला रंग घासून गेलाय ना? तो वापराचा प्रामाणिक घासवटा आहे. त्याचा अर्धा ते एक आणा. त्याच्याबद्दल कोणाचीही माफी मागू नका.

नळीकडे दुकानदारामार्फतच पाहा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं असल्याची खात्री, त्यानंतरच दिव्याकडे धरून आत डोकावायचं. जुन्या पिस्तुलांच्या नळ्या बाहेरून सुंदर आणि आतून खरजेसारख्या का असतात हे लोकांना कळत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बऱ्याच काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ, तोही नळीच्या आत. तो हवेतली ओल ओढतो आणि पोलाद खातो. तेलानं मीठ विरघळत नाही, पाण्यानं विरघळतं. म्हणून जुने शिपाई गोळ्या झाडल्यावर आधी गरम पाणी ओतायचे, मग पुसून तेल लावायचे. आपल्या आजोबांनी नुसतं तेल लावलं, आणि मिठावर तेलाचं झाकण बसलं. नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्या, स्पष्ट असतील, थोडे काळे ठिपके असतील तर एक आणा. आटे दिसतच नसतील तर तीन. संग्राहक झाडणार नसला तरी तीनच, कारण पुढे त्याला विकायचं असतं.

वेबलीची एक खास दुखरी जागा आहे. तिची परतीची कमान गुंडाळीची नाही, चपटी व्ही आकाराची आहे, आणि ती उजव्या मुठीच्या पट्टीखाली बसते. पट्टी व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची. ऐंशी वर्षांत ती ठिसूळ होते. अनोळखी माणूस पट्टी काढायला जातो, खालून कमानीचा दाब येतो आणि पट्टी फुटते. तुमची उजवीच तडकली आहे हे वाचून मला हसू आलं नाही, पण आश्चर्यही वाटलं नाही. बत्तीस बोरच्या बहुतेक वेबलींची ती उजवीच तडकलेली असते. एक आणा कापा. लाकडाची नवी पट्टी बसवली तर दोन कापावे लागतील.

तर तुमची बेरीज मी फोटोंवरून अशी लावतो: कागद जुळले असं धरून सोळा, त्यातून डाग दीड, घासवटा अर्धा, पट्टी एक, नळी पाहायची राहिली म्हणून तात्पुरता एक. बारा आणे. चांगलं पिस्तूल आहे. आजोबांना जपणं येत होतं.

रुपया आता काढायचा. त्यासाठी तीन वेगवेगळ्या परवानाधारक दुकानदारांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘वेबलीचा भाव काय?’ असं विचारलं तर ते सांगतील तो मागायचा भाव. विचारा, ‘गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून बत्तीस बोरची जुनी विलायती पिस्तुलं प्रत्यक्ष कितीला गेली, आणि कशा अवस्थेतली?’ एक कोल्हापूरचा, एक पुण्याचा, एक मुंबईचा. किनाऱ्यावर गिऱ्हाईक कमी, घाटावर हौस जास्त, म्हणून कोकणातल्या एकाच दुकानावर विसंबू नका. तिघांनी सांगितलेल्या विक्रीच्या आकड्यांतला मधला घ्या, ज्या पिस्तुलाचा तो आकडा आहे ते किती आणे होतं ते विचारा, आणि त्रैराशिक मांडा. उदाहरण म्हणून: दहा आण्यांचं पिस्तूल तीन लाखांना गेलं असेल तर बारा आण्यांचं तीन लाख साठ हजारांच्या आसपास. त्यातून दुकानदाराचं कमिशन वजा करा, ते आधी लिहून घ्या. जमा ठेवण्याचं भाडंही विचारा. एका कुटुंबानं भाव वाढेल म्हणून वस्तू एका दुकानात सहा वर्षं ठेवली. ना कोणी पुसलं ना तेल लावलं. भाडं चढलं, गंज चढला, आणि शेवटी हातात आलेली रक्कम सांगायलाही त्यांना लाज वाटली.

वाडीतल्या भाऊंचे दहा लाख कुठून आले तेही मला माहीत आहे. ते कुठल्या तरी लिलावाचे आहेत. लिलावाच्या आकड्यात घेणाऱ्यानं वर भरलेलं कमिशन असतं, आणि त्या पिस्तुलाबरोबर बहुधा पेटी, पावती आणि एखाद्या अधिकाऱ्याचं नाव असतं. वर्तमानपत्रात येतात ती अशीच. उरलेल्या शंभरांची बातमी होत नाही.

दीड लाखाला हो म्हणू नका, पण त्या गृहस्थांशी संबंधही तोडू नका. परवान्याची प्रत आणि रिकामी जागा दाखवली तर ते तुमचं खरं गिऱ्हाईक आहे, आणि खऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. तोपर्यंत परवान्यावरचा नंबर भिंग लावून पिस्तुलाशी ताडून घ्या, बहिणींच्या सह्या घ्या आणि येत्या पावसाळ्याच्या आत होल्स्टर वेगळं काढायला सांगा. तडकलेल्या पट्टीचा सुटलेला तुकडा, तुमच्या दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात दिसतोय तो, पानसुपारीच्या एखाद्या डबीत कापसात घालून पिस्तुलाबरोबर ठेवा. चिकटवू नका. ज्याला चिकटवायचाय तो चिकटवेल, आणि त्याचे पैसे वेगळे देईल.